धोरण अभ्यासक व्हायचे आहे? विषय आधी, पदवी नंतर

मंत्रालयात, आमदाराच्या कार्यालयात, स्वयंसेवी संस्थेत किंवा सल्लागार कंपनीत 'पॉलिसी'चे काम करणारा मुलगा किंवा मुलगी नेमके काय करते, हे बऱ्याचदा घरच्यांनाही सांगता येत नाही. पदनावे नाना तऱ्हेची: संशोधन सहायक, पॉलिसी अ‍ॅनालिस्ट, कन्सल्टंट, फेलो, विशेष कार्य अधिकारी. काम मात्र साधारण एकच. निर्णय घेणाऱ्यापुढे एखादा प्रश्न येतो. त्यावर आज कोणता नियम लागू आहे, पैसा किती आणि कोणत्या शीर्षाखाली येतो, कुठे अडतो, बदल करायचा तर कोणत्या कागदात आणि त्याचा भुर्दंड कोणावर, हे दोन पानांत मांडायचे. ती दोन पाने विश्वासार्ह असली की लोक पुन्हा विचारायला येतात.

या वाटेला लागणारे बहुतेक जण पहिल्यांदा 'कोर्स कोणता करू?' असे विचारतात. तो प्रश्न खूप नंतरचा आहे. पदवी असून 'तुमचा विषय कोणता?' या प्रश्नाला 'पब्लिक पॉलिसी' असे उत्तर देणारे उमेदवार मुलाखतीत ढिगाने येतात. एका योजनेचे पंधरा वर्षांचे कागद वाचलेला माणूस क्वचित येतो.

विषय किती अरुंद हवा

'शिक्षण' हा विषय नव्हे. 'जिल्हा परिषद शाळांतील पोषण आहार' हा विषय आहे. 'पाणी' नव्हे, 'ग्रामीण नळपाणी योजनांची देखभाल-दुरुस्ती' चालेल. वीजदर, शहरी बससेवा, पीकविमा, ऊसतोड कामगारांच्या मुलांचे शिक्षण, नगरपालिकांचा घनकचरा हे सगळे योग्य आकाराचे विषय आहेत.

विषय पक्का करण्याआधी तीन गोष्टी तपासा. तो प्रामुख्याने एकदोन विभागांच्या अखत्यारीत बसतो का? त्याचे लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पातला त्या खर्चाचा सांकेतिक क्रमांक, सापडते का? आणि घरापासून तासाभराच्या अंतरावर तो प्रत्यक्ष पाहता येतो का? तिसरी अट सर्वांत जास्त टाळली जाते आणि तिथेच फसगत होते. कागदावर सुरू असलेली योजना शाळेच्या पडवीत कशी दिसते हे न पाहिलेल्याचे टिपण अनुभवी कक्ष अधिकारी पहिल्या परिच्छेदात ओळखतो.

जीआर उलट्या दिशेने वाचा

राज्याचे शासन निर्णय (जीआर) विभागवार आणि तारखेनुसार शासनाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. एका विषयाचे सगळे जीआर उतरवून घ्या. आता वाचायचे कसे?

प्रत्येक जीआरच्या सुरुवातीला 'वाचा' किंवा 'संदर्भ' या शब्दाखाली आधीच्या आदेशांची यादी असते. सर्वांत ताज्या जीआरपासून सुरुवात करा, त्या यादीतले जुने आदेश शोधा, मग त्यांचे संदर्भ, असे करत मूळ निर्णयापर्यंत मागे जा. आठदहा कागदांत पूर्ण वंशावळ हाती येते. एका वहीत किंवा एक्सेलच्या तक्त्यात चार रकाने करा: दिनांक, काय बदलले, आधीचा कोणता आदेश अधिक्रमित केला, पैशाची मर्यादा किती. शुद्धिपत्रके सोडू नका. 'दहा' चे 'शंभर' बऱ्याचदा शुद्धिपत्रकातच होते.

दोन ठिकाणी थांबून वाचायचे. एक, 'वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक अन्वये प्राप्त सहमतीनुसार' हे वाक्य. ते असेल तर पैशाला वित्त विभागाने होकार दिला आहे. खर्चाची घोषणा असलेल्या जीआरमध्ये ते नसेल, तर पैसा येणार कुठून, हा पहिला प्रश्न विचारायला हवा. दोन, 'अधिक्रमित' आणि 'अंशतः बदल' यांतला फरक. जुना आदेश पूर्ण गेला की फक्त एक परिच्छेद बदलला, यावर सगळा अर्थ फिरतो. नवखा अभ्यासक रद्द झालेल्या जीआरचा दाखला देतो, आणि तसे एकदा झाले की त्या कार्यालयात त्याचे पुढचे टिपण कोणी उघडत नाही.

शासकीय मराठी अंगवळणी पडायला भाषा संचालनालयाचे 'शासन व्यवहार कोश' आणि 'प्रशासन वाक्प्रयोग' जवळ ठेवा. 'परंतुक', 'पोटकलम', 'तरतूद', 'विनियोजन', 'पुनर्विनियोजन' हे शब्द अडखळून वाचावे लागतात तोवर वेग येत नाही. इंग्रजी माध्यमातून आलेल्यांची इथे खरी अडचण होते, आणि मराठी माध्यमातल्यांची हीच मोठी जमेची बाजू आहे. ती त्यांनी कमीपणा म्हणून लपवू नये.

पैशाचा माग

सरकारचा हेतू भाषणात असतो, प्राधान्य अर्थसंकल्पात. म्हणून लेखाशीर्ष वाचता आलेच पाहिजे. पूर्ण शीर्ष पंधरा अंकी असते, पण सुरुवातीला पहिले चार अंक पुरतात: २२०२ म्हणजे सर्वसाधारण शिक्षण, २२१० म्हणजे वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य, २२१५ म्हणजे पाणीपुरवठा व स्वच्छता. २ किंवा ३ ने सुरू होणारी शीर्षे महसुली खर्चाची. त्यात दोन हजार मिळवले की भांडवली शीर्ष मिळते, म्हणजे २२१५ चे ४२१५. पगार आणि देखभाल पहिल्यात, नवी टाकी दुसऱ्यात. नव्या टाक्यांना पैसा आहे आणि पंप दुरुस्तीला नाही, हे गावोगावचे गाऱ्हाणे या दोन आकड्यांच्या तुलनेत स्वच्छ दिसते.

प्रत्येक योजनेसाठी तीन वर्षांचे तीन आकडे लिहा: अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. पहिलाच आकडा बातमीत येतो. तिसरा दोन वर्षांनी येतो आणि कोणी पाहत नाही. पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्या (वर्षाच्या मध्येच मागितलेला जादा निधी) त्यात धरायला विसरू नका.

चालू वर्षाची स्थिती 'बीम्स' या शासनाच्या प्रणालीवर दिसते: तरतूद किती, वितरित किती, खर्च किती. इथे एक सापळा आहे. राज्याने जिल्हा परिषदेला निधी वर्ग केला की राज्याच्या हिशेबात तो खर्ची पडला. प्रत्यक्षात तो जिल्हा परिषदेच्या खात्यात पडून असू शकतो, कारण जिल्हा वार्षिक योजनेचा निधी खर्च करायला तिला पुढचे वर्षही मिळते. त्यामुळे '९८ टक्के खर्च' हे वाक्य लिहिण्याआधी जिल्हा परिषदेच्या वित्त विभागातून प्रत्यक्ष खर्चाचा आकडा घ्या. मार्चअखेर वितरित झालेल्या रकमांबाबत तर घ्याच.

पैशाचा विचार धोरणातच कसा गुंफता येतो याचे महाराष्ट्रातले उत्तम उदाहरण आपल्या पगारपत्रकावर आहे. १९७२ च्या दुष्काळात आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेमागे वि. स. पागे यांची कल्पना होती. तिचा कायदा १९७७ चा. पण त्याआधीच, १९७५ मध्ये, तिला पैसा मिळावा म्हणून व्यवसाय कराचा कायदा झाला होता. दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये अशी वर्षाला २,५०० ची जी कपात नोकरदार वैतागून पाहतात, तिचे मूळ तिथे आहे. हमी द्यायची तर तिचा कायमचा झरा आधी शोधायचा, हे त्या वेळच्या लोकांना कळत होते.

आकडे वापरताना कुठे घसरतो

राज्याची आर्थिक पाहणी बहुधा अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवशी येते. अर्थ व सांख्यिकी संचालनालय ती तयार करते. सुरुवातीला ती आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण एवढे पुरते. शिक्षणाला यूडायस (शाळांची सरकारी आकडेवारी), रोजगाराला श्रमबल सर्वेक्षण.

सर्वांत जास्त दिसणारी चूक जिल्ह्यांच्या सीमांची. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेतला ठाणे जिल्हा आणि २०१९–२१ च्या पाचव्या आरोग्य सर्वेक्षणातला ठाणे जिल्हा हे एक नव्हेत. जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे आदिवासी तालुके वजा झाल्यावर ठाण्याचे आकडे आपोआप 'सुधारतात', आणि कोणीतरी त्याचे श्रेय एखाद्या योजनेला देऊन मोकळे होते.

दुसरी चूक भारांकाची, म्हणजे नमुन्यातल्या प्रत्येक नोंदीला द्यायच्या वजनाची. सर्वेक्षणाचा कच्चा डेटा उतरवून थेट सरासरी काढली तर ती चुकते, कारण नमुन्यात काही गट मुद्दाम जास्त घेतलेले असतात. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारांकाच्या रकान्याला १० लाखांनी भागून तो लावावा लागतो. हिशेब बरोबर आला का हे पडताळायला आधी छापील अहवालातला एक आकडा स्वतः काढून पाहा. तो जुळला तरच पुढे जा.

एक्सेलमध्ये पिव्हट टेबल सफाईने करता येणे अनिवार्य. नंतर 'आर' किंवा 'स्टाटा' या सांख्यिकी सॉफ्टवेअरपैकी एक, आणि नकाशांसाठी फुकट मिळणारे 'क्यूजीआयएस'. यापलीकडचे गरजेप्रमाणे.

टिपण: एका अंड्याचा हिशेब

समजा, आमदाराने विचारले: शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायचे, तर तालुक्यात काय लागेल? विद्यार्थी १०,०००, आठवडे ३०, शासनाचा दर अंड्याला ५ रुपये धरू. १०,००० × ३० × ५ म्हणजे १५ लाख रुपये. नवखा माणूस इथे थांबतो.

आता बाजारात अंडे साडेसहा रुपयांना आहे असे धरा. दीड रुपयाची तूट × ३ लाख अंडी म्हणजे साडेचार लाख. ही तूट तालुक्यात कोणाच्याच हिशेबात दिसत नाही, कारण ती शाळाशाळांत विभागली जाते. ८० पटाच्या शाळेत आठवड्याला १२० रुपये. ते मुख्याध्यापक भरणार की स्वयंपाक करणारा बचतगट? बिले तीन महिने रखडली तर उधारीवर अंडी कोण देईल? वाडीवरच्या २० पटाच्या शाळेत २० अंड्यांसाठी गाडी येणार नाही. मग आणायला कोण जाणार? उकडायला लागणाऱ्या गॅसचे काय? अंडे न खाणाऱ्या मुलांना केळे द्यायचे तर त्याचा दर तोच राहील का? हे पाच प्रश्न आणि त्यांचे आकडे ज्या टिपणात आहेत, ते कामाचे टिपण.

मांडणी अशी ठेवा. पहिल्या तीन ओळींत प्रश्न आणि तुमची शिफारस. मग आजची स्थिती, जीआरच्या क्रमांक-दिनांकासह. मग पर्याय, त्यांत 'काहीच न करणे' हाही एक पर्याय खर्चासह धरायचा. प्रत्येक पर्यायात कोणाला फायदा, कोणाला तोटा. शेवटी, बदल नेमका कोणत्या कागदात.

या शेवटच्या मुद्द्यावर जास्त वेळ घाला. कायदा बदलायचा तर विधिमंडळ. नियम बदलायचे तर राजपत्रातली अधिसूचना. जीआर असेल तर विभागाचा सचिव आणि मंत्री, खर्च असेल तर वित्त विभागही. नुसते परिपत्रक असेल तर संचालकच ते बदलू शकतो. पोषण आहारात साहित्याचा खर्च केंद्र आणि राज्य ६०:४० वाटून घेतात. केंद्राच्या निकषापलीकडे काही द्यायचे तर तो सगळा भार राज्यावर येतो. परिपत्रकाने सुटणाऱ्या गोष्टीसाठी कायदादुरुस्ती मागणारे निवेदन, आणि केंद्राच्या निकषासाठी जिल्हाधिकाऱ्यांना दिलेले निवेदन, दोन्ही फाईलमध्ये धूळ खातात. मागणी चुकीची नसते, दार चुकलेले असते.

स्पर्धा परीक्षेची तयारी केलेल्यांसाठी एक सूचना. तुमची वाचनाची बैठक हे मोठे भांडवल आहे, पण २५० शब्दांच्या उत्तराची सवय मोडावी लागेल. तिथे सगळे पैलू स्पर्शून जायला गुण मिळतात. टिपणात नऊ पैलू सोडून दहावा ठामपणे मांडायचा असतो.

विनामूल्य सराव

वीज नियामक आयोगाची सुनावणी ही आपल्याकडची सर्वांत चांगली शाळा. वीज कायदा, २००३ च्या कलम ६४ नुसार दर ठरवण्याआधी आयोगाला जनतेच्या सूचना-हरकती विचारात घ्याव्या लागतात आणि अर्ज मिळाल्यापासून १२० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. कंपनीची याचिका जाहीर होते. शेकडो पाने पाहून घाबरू नका. एकच तक्ता घ्या, उदाहरणार्थ वितरण हानी (ग्राहकापर्यंत पोहोचताना गळणारी वीज) किंवा कृषिपंपांचा वापर, मागच्या आदेशाशी ताडून पाहा आणि दोन पानांची हरकत लिहा. आयोगाच्या आदेशात हरकतींची नोंद घेतली जाते, त्यामुळे तुमचा मुद्दा का मान्य झाला किंवा फेटाळला गेला हे लेखी मिळते. असा अभिप्राय कुठलाही कोर्स देत नाही. पुण्याच्या 'प्रयास' या संस्थेने १९९० च्या दशकात एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाच्या वीजखरेदी कराराचे केलेले विश्लेषण असेच कागद खोदून केलेले होते.

अशीच संधी पर्यावरणीय जनसुनावणीत (२००६ च्या अधिसूचनेनुसार किमान ३० दिवसांची पूर्वसूचना लागते), विकास आराखड्याच्या हरकतींत आणि केंद्राच्या विधेयकांच्या मसुद्यांवर मिळते. २०१४ च्या केंद्राच्या धोरणानुसार मसुदा किमान ३० दिवस खुला ठेवायचा असतो. पुष्कळदा ठेवत नाहीत, ते वेगळे.

विधिमंडळाच्या संकेतस्थळावरची प्रश्नोत्तरे वाचा. तारांकित (सभागृहात तोंडी उत्तर मागणाऱ्या) प्रश्नाला येणारे 'हे अंशतः खरे आहे' हे उत्तर अभ्यासकासाठी सोने आहे: कोणता अंश खरा, ते शोधायचे. लक्षवेधी, अर्धा तास चर्चा, लोकलेखा समितीचे अहवाल आणि कॅगचे अहवाल याच क्रमाने. राज्यशास्त्र किंवा लोकप्रशासनात पदव्युत्तर शिक्षण घेत असाल तर नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा अभ्यासवर्ग घेते; विभागप्रमुखांकडे त्याची चौकशी करा.

उरलेल्या कागदांसाठी माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लागतो. शुल्क १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये, मुदत ३० दिवस, पहिल्या अपिलाला २० रुपये. 'असे का केले?' असे विचारले तर अर्ज फेटाळला जातो. 'अमुक जीआरच्या प्रस्तावाची टिपणी व वित्त विभागाच्या अभिप्रायाची प्रत द्यावी' असे मागा. कागद मागायचा, कारण नाही. आणि एका कार्यालयात महिन्याला दहा अर्ज टाकून मग तिथेच मुलाखत मागू नका.

आता कोर्स आणि फेलोशिप

सात-आठ महिने वर सांगितल्यासारखे गेले की कोणते कौशल्य कमी पडते ते कळते, कोर्स त्यासाठी. आकडेमोड कच्ची असेल तर अर्थशास्त्र: पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था (स्थापना १९३०) किंवा कलिन्याचे मुंबई स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी. अभियंत्यांसाठी आयआयटी मुंबईत दोन दारे आहेत: अशांक देसाई धोरण अभ्यास केंद्राची पब्लिक पॉलिसीतली पदव्युत्तर पदवी आणि ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणारे 'सितारा'. कायद्याकडे ओढा असेल तर बंगळूरुच्या नॅशनल लॉ स्कूलचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. नोकरी सांभाळून चाचपणी करायची तर 'तक्षशिला' या संस्थेचा सुमारे तीन महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम. मोठे कर्ज काढून खासगी संस्थेत जाण्याआधी तिथल्या मागच्या दोन तुकड्यांतले पाच जण आज कुठे आहेत ते स्वतः शोधा. माहितीपत्रकातली नावे पुरेशी नाहीत.

मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ मध्ये सुरू झाली, मध्ये बंद पडली आणि २०२३ मध्ये पुन्हा आली. साधारण अटी: वय २१ ते २६, पदवीला किमान ६० टक्के, एक वर्षाचा अनुभव, मराठी उत्तम, जागा ६०. २०२५–२६ साठी दरमहा एकूण ६१,५०० रुपये होते. अटी प्रत्येक तुकडीच्या जीआरमध्ये बदलू शकतात, म्हणून तोच वाचा. संसदेच्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या 'पीआरएस' या संस्थेची लॅम्प फेलोशिप दिल्लीत. वय २५ पर्यंत, कोणत्याही शाखेची पदवी चालते, पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशनापर्यंत एका खासदारासोबत काम. पहिलीत अंमलबजावणी शिकाल, दुसरीत कायदा आणि संसदीय आयुधे. दोन्हींत वय निघून गेले असेल तर खंत करू नका. एखाद्या अभ्यासू आमदाराकडे अधिवेशनापुरते काम मागणे हा तितकाच चांगला रस्ता आहे. तिन्ही अधिवेशनांच्या महिनाभर आधी, नमुन्याचे दोन पानी टिपण घेऊन जा.

नोकरी पत्करताना

या क्षेत्रातल्या पुष्कळ नेमणुका प्रकल्पावर आणि अकरा महिन्यांच्या कराराने होतात. विभागात बसणारे प्रकल्प व्यवस्थापन कक्ष बहुधा सल्लागार कंपन्या चालवतात. पगार बरा, पण वर्षभर नुसती सादरीकरणे सजवण्यात जाण्याचा धोका. संस्थांमध्ये अभ्यास खोल, पैसा कमी. म्हणून रुजू होण्याआधी चार प्रश्न विचारा. या पदाचा निधी कोणाचा आणि कोणत्या महिन्यापर्यंत? माझे टिपण कोण वाचतो? त्यावर माझे नाव येते का? निष्कर्ष निधी देणाऱ्याला न रुचणारा आला, तर मागच्या वेळी काय झाले?

चौथ्या प्रश्नावर समोरचा किती वेळ गप्प बसतो, ते मोजा.

अर्जासोबत चार पानी बायोडेटाऐवजी एक पान बायोडेटा आणि दोन टिपणे जोडा: एक मराठीत, एक इंग्रजीत, दोन्ही एकाच विषयावरची, जीआरच्या क्रमांकांसह. मुलाखतीत बहुधा त्यांतलाच एखादा आकडा विचारतात, 'हा कुठून आणला?' म्हणून. तेव्हा कागदाचे नाव, दिनांक आणि पान सांगता आले पाहिजे.